माताजींचं स्टूल

आमच्या ह्यांचं वय एकसष्ट, माझं एकोणसाठ. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात लोकांचा हिशेब सारखा चुकत गेला.

भाईंदर पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी फरसाणचं एक दुकान आहे. म्हातारे शेठ गावी गेले आणि त्यांचा जावई रोहित गल्ल्यावर बसायला लागला. माणूस वाईट नाही. उलट जरा जास्तच चांगला आहे, आणि तीच पंचाईत झाली. एका रविवारी आम्ही दोघं फाफडा घ्यायला गेलो तर त्याने काउंटरखालून लाल प्लास्टिकचं स्टूल काढलं, फडक्याने पुसलं आणि ह्यांना म्हणाला, "भाईसाब, भीड़ है, माताजी को बिठा दो."

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कुणाच्या माताजी आल्यात. मागे फक्त एक कुत्रं होतं.

मला वाटलं, आता हे बोलतील. बायको आहे माझी, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण आमचे हे हसायला लागले. खांदे हलवून, पोट हलवून हसले आणि म्हणाले, "बसा, माताजी." आणि मी बसले. का बसले ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण ह्यांना तो किस्सा इतका आवडला की सोसायटीच्या गणपतीत सांगितला, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितला, आणि सुलूवन्संना तर दोनदा सांगितला. सुलूवन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, काशीमीऱ्याला राहतात. त्या माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "अगं, आमच्या घरात कुणाला सुरकुत्याच नाहीत. माझ्या ह्या भावाला, गुणवंताला बघ, नुसतं लोणी." सत्तरीची बाई, पण चेहरा खरंच लोण्यासारखा. मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅसशी उगाच भांडले.

दर रविवारी तेच. आम्ही दिसलो की रोहित स्टूल काढायचा, हे हसायचे आणि मी बसायचे. अशी दोन वर्षं गेली.

आता ह्यांचा धंदा सांगते. आमचा फोटो स्टुडिओ आहे. गिरगावातून इकडे आलो तेव्हा टाकला. आयुष्यभर ह्या माणसाने अख्ख्या भाईंदरच्या सुरकुत्या काढल्या. आधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने, आता कॉम्प्युटरवर. श्रद्धांजलीच्या फोटोतल्या आजोबांनासुद्धा दहा वर्षांनी लहान करून द्यायचे. पण माझा फोटो कधी घासूनपुसून केला नाही. विचारलं की एकच उत्तर, "घरच्या माणसाचा फोटो मी खोटा करत नाही, अनू." त्यामुळे आमच्या आल्बममध्ये सगळ्या जगाच्या मानाने मीच तेवढी म्हातारी होत गेले.

तर एके दिवशी गोल्डन नेस्टच्या सर्कलला बॅनर दिसला. लेझरने सुरकुत्या गायब, असा. एका बाईचे दोन फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी. पहिल्या फोटोत चेहरा उन्हाळ्यातल्या मिठागरासारखा भेगाळलेला. दुसऱ्यात तीच बाई, आणि गालावरून माशी घसरेल इतका गुळगुळीतपणा. मी रस्ता ओलांडता ओलांडता थांबले. दोन बसवाल्यांनी हॉर्न मारला. मी बॅनरवरचा नंबर पाठ केला आणि घरी येईपर्यंत पुटपुटत राहिले.

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गणपतीसाठी दुसरा किस्सा तयार झाला असता.

दवाखाना मीरा रोडला, वर काचेचा, खाली ज्यूसवाला. तिथला मॅनेजर धर्मेश. बोलणं असं की लोणच्याची बरणीसुद्धा स्वतःहून उघडेल. त्याने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सुलू." का निघालं? वन्संच्या नावावर सुरकुत्या लागल्या तर मला बरंच वाटणार होतं, दुसरं काय. धर्मेश म्हणाला, "सुलूबेन, तुम्ही बिफोर-आफ्टरचा फोटो काढू द्याल तर तुम्हाला एकदम स्पेशल रेट. डोळे झाकलेले असणार, कोणाला काय कळणार नाय." मी हो म्हटलं.

डॉक्टर मात्र वेगळी निघाली. पूर्वी नावाची तिशीतली मुलगी, बोलायला सरळ. तिने माझा चेहरा भिंगातून पाहिला, गाल ताणून पाहिले आणि म्हणाली, "आंटी, बॅनरवर जाऊ नका. डोळ्यांजवळच्या बारीक रेषा बऱ्यापैकी कमी होतील. कपाळावरच्या थोड्या. नाकापासून ओठापर्यंतच्या ह्या दोन खोल आहेत, त्या राहणार. आठवडाभर चेहरा लाल होईल, सालं निघतील. खरा फरक तीन महिन्यांनी. आणि ऊन बंद."

मला तिचा राग आला. एवढं खरं बोलायला सांगितलं होतं कुणी? घरी एक खरं बोलणारा पुरे होता. तरी फोटोसाठी मंगळवारची वेळ घेतली. मंगळवारीच त्यांचा फोटोवाला यायचा.

मंगळवारी हे बरोबर दहाला बॅगा घेऊन निघायचे. काशीमीऱ्याला एका गोदामात मालाचे फोटो काढायचे असतात, असं मला सांगितलेलं. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत पासपोर्ट फोटोशिवाय कोण येतं? बिचारे ट्रकच्या धुरात उभे राहून मिक्सरचे फोटो काढतात म्हणून मी डब्यात एक पोळी जास्त द्यायचे.

त्या मंगळवारी हे आधी स्टुडिओत दिवे घ्यायला गेले आणि मी सरळ मीरा रोड गाठलं. दवाखान्यातल्या मुलीने मला खुर्चीत आडवं केलं, केस जाळीच्या टोपीत कोंबले, कुंकू पुसलं, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली आणि डोळ्यांवर लेझरचा काळा जाड चष्मा चढवला. आरशात पाहिलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं. दार वाजलं. बॅगा टेकल्याचा आवाज आला, स्टँडची कुरकुर आली. मग आवाज आला, "नमस्कार ताई. हनुवटी जरा खाली घ्या."

छत्तीस वर्षं ज्या आवाजाने टॉवेल मागितला तो आवाज मी ओळखणार नाही?

उठून पळावं तर चादरीत गुंडाळलेली. गप्प पडून राहिले. हे धर्मेशला समजावत होते, अगदी मास्तरांच्या थाटात. "बिफोरला लाइट वरून मारायचा. मग प्रत्येक सुरकुतीची सावली पडते, चेहऱ्यावर नुसते खड्डे. आफ्टरला समोरून दिव्यावर मोठी पांढरी छत्री लावायची, उजेड पसरतो, सावलीच नाही. अर्धं काम तिथेच होतं. उरलेलं कॉम्प्युटरवर."

तर बॅनरवरचं ते मिठागर आमच्या घरचं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ज्या माणसाच्या छत्र्या मी स्वतः धुऊन गच्चीवर वाळत घालते, त्याच छत्रीच्या उजेडाला मी भुलले होते. आणि घरी म्हणे फोटो खोटा करत नाही.

"ताई, हसू नका हं," हे म्हणाले. "हसलं की रेषा बदलतात."

"हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं.

मग स्टँड कशावर तरी आदळला आणि धर्मेश "अरे अरे" करत धावला. चष्म्याच्या खालच्या फटीतून मला ह्यांचे बूट दिसत होते. ते एकदा पुढे आले, एकदा मागे गेले.

"सुलूबेन, लागलं नाय ना?" धर्मेशने विचारलं.

"सुलू?" हे म्हणाले. आवाज पार चिरका झालेला.

"हो, सुलू," मी म्हटलं. "तुमची काही हरकत?"

"नाही नाही. माझ्या... माझ्या ताईचं नाव तेच आहे."

"मग चांगलंच आहे. काढा फोटो."

काय करणार बिचारे? गिऱ्हाइकासमोर बायको म्हणायची सोय नाही, आणि मला नवरा म्हणायची इच्छा नाही. "सुलूताई, मान डावीकडे. सुलूताई, उजवीकडे." स्वतःच्या बायकोला ताई म्हणत त्यांनी सगळे फोटो काढले. फ्लॅशचं बटण तीनदा चुकलं.

घरी जायला शेअर रिक्षा. मी बसले, मध्ये उत्तनची एक बाई सुक्या बोंबलांची टोपली मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या पलीकडे हे येऊन बसले. अख्ख्या रस्त्यात आमच्या दोघांमध्ये बोंबलांचाच काय तो वास.

दार लावल्यावर मात्र मी सोडलं नाही. "गोदाम कुठे आहे ते? आणि मिक्सर?"

"अगं, धंदा आहे. सांगायची लाज वाटली," हे म्हणाले. "पण तू तिथे कशाला? तुला काय झालंय सुरकुत्यांचं?"

"मला काय झालंय?" मी म्हटलं. "दर रविवारी तुमच्यासमोर मला तुमची आई करून स्टुलावर बसवतात. तुम्ही हसता. गावभर सांगता. मला काय झालंय ते विचारताय?"

"अगं, गंमत होती ती."

"मग तुम्ही बसा ना स्टुलावर."

मला रडू येत होतं आणि रडताना चेहरा जास्तच वाईट दिसतो, म्हणून मी आणखी चिडले. "सगळ्या भाईंदरला तुम्ही खोटं तरुण करून दिलंत. माझ्या वाट्याला कायम खरंच. एकदा तरी माझ्यासाठी खोटं बोलायचं होतं. नाही तर तिथे, दुकानात, खरं तरी बोलायचं होतं." एवढं बोलून मी स्वयंपाकघरात गेले आणि दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

तुम्ही म्हणाल, आता लेझर रद्द. मुळीच नाही. छत्रीचं गुपित कळलं, डॉक्टरने खरं सांगितलं होतं, तरी पुढच्या आठवड्यात मी लेझरला गेले. मला बॅनरवरच्या बाईसारखं व्हायचं नव्हतं. मला त्या स्टुलावरून उठायचं होतं, मग ते दोन रेषांनी होऊ दे नाही तर चार.

तोंडाला आधी बधिर करायचं मलम लावलं, तरी रबरबँड ताणून फटाफट मारावेत तसं झालं. जळका वास आला. तो वास आपलाच आहे हे कळल्यावर मी देवाचं नाव घेतलं. आठवडाभर चेहरा भाजलेल्या पापडासारखा होता. मग सालं निघायला लागली. पूर्वी डॉक्टरने बजावलेलं, नखाने काढायची नाहीत. ऊन बंद, म्हणून बाजार बंद. बाजार ह्यांच्याकडे आला. हे कोथिंबिरीऐवजी पुदिना आणायचे आणि मी काही बोलायची नाही, कारण बोललं की गाल ताणायचे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या ह्यांचे केस काळेभोर, मिशी काळीभोर. दर दुसऱ्या रविवारी ह्यांच्या डोक्याला डाय कोण लावायचं? मी. जुना टूथब्रश, जुना टॉवेल, कानाला तेल लावायचं म्हणजे कान काळे होत नाहीत. गेली वीस वर्षं. पुढचं ह्यांना जमायचं, मागचं मीच. तो रविवार आला तसे हे टॉवेल गळ्यात घालून बाथरूममध्ये जाऊन बसले आणि हाक मारली, "अनू, ब्रश."

मी सोफ्यावर बसले होते, तोंडाला मलम थापून. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, ह्यांना माझा मुलगा केला कुणी? रोहितने नाही. मीच तर दर पंधरा दिवसांनी टूथब्रश घेऊन ह्या माणसाला तरुण करत होते, आणि शेजारी उभी राहून म्हातारी होत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मी घरच्या माणसाचं डोकं खोटं करत नाही," मी म्हटलं.

मग ह्यांनी स्वतः प्रयत्न केला. पुढून काळे, मागून पांढरे, आणि डावा कान पूर्ण काळा. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पासपोर्ट फोटोला आलेली बाई कानाकडेच बघत राहिली म्हणे. त्यानंतर ह्यांनी नाद सोडला. मिशी आधी पिकली, मग कानाजवळ, मग सगळंच. फरसाणच्या दुकानाकडे तर हे फिरकलेच नाहीत. फाफडा थेट स्टेशनजवळून यायला लागला, आणि तो मऊ असायचा.

पण एक गोष्ट मात्र ह्यांनी आपणहून केली. दर रविवारी मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवायचे आणि फोटो काढायचे. तीच खुर्ची, तीच वेळ, तोच उजेड, छत्री नाही. "बघू तरी काय होतंय ते," म्हणायचे. तीन महिने झाल्यावर सगळे फोटो ओळीने लावून आम्ही दोघं बसलो. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा खरंच कमी झाल्या होत्या. कपाळ जरा निवळलं होतं. नाकाजवळच्या दोन खोल रेषा जागच्या जागी, मालकिणीसारख्या. पूर्वी डॉक्टर बोलली तस्सं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

धर्मेशने ते फोटो पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "गुणवंतभाई, फरक कुठे हाय? छत्री लावा ना."

"छत्रीने फरक छत्रीचा दिसेल," हे म्हणाले. "आणि ह्या सुलूबेन नाहीत. माझी बायको आहे ही." मंगळवारचं काम सुटलं. हे सगळं मला ह्यांच्याकडून नाही, पूर्वी डॉक्टरकडून कळलं. तिने ते फोटो मागून घेतले आणि आपल्या केबिनमध्ये लावले, ज्यांना खरं पाहायचंय त्यांच्यासाठी.

मला ऐकून बरं वाटलं, नाही म्हणणार नाही. पण धर्मेश काही मला स्टुलावर बसवत नव्हता. जिथे बोलायचं होतं ते दुकान अजून बाकीच होतं.

तीन महिने संपले तसा मी फाफड्याचा हट्ट धरला. कडक फाफडा, रोहितकडचा. हे नको नको म्हणत होते, पण आले. मी चॉकलेटी साडी नेसले, उन्हाची छत्री घेतली. आणि हो, कपाटात डायची पाकिटं उरली होती. वाया कशाला घालवायची? आदल्या दिवशी मी ती माझ्या पांढऱ्या डोक्याला लावली. पुढून मागून, सगळीकडून, कान तेलात बुडवून. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता कुणी काही म्हटलं तर लेझरमुळे की डायमुळे, ते कसं कळणार?" म्हटलं, तुमच्या छत्रीला विचारा.

दुकानात गर्दी. आम्ही मागे उभे. रोहितने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं, त्या पांढऱ्या मिशीकडे, पांढऱ्या डोक्याकडे. दिवसाला शेकडो चेहरे बघणारा माणूस, तीन महिन्यांपूर्वीचं कुठलं लक्षात राहायला? त्याने लाल स्टूल काढलं, फडक्याने पुसलं आणि मला म्हणाला, "मॅडम, भीड़ है, पिताजी को बिठा दो."

हे मागे वळून बघायला लागले.

माझ्या पोटातून जे हसू उठलं ते मी सांगू शकत नाही. वन्संना फोन करायचा, सोसायटीत सांगायचं, न्हाव्यालाही सांगायचं, सगळं एका क्षणात ठरलं. "बसा, पिताजी," असे शब्द अगदी जिभेवर आले. मग ह्यांनी मान फिरवली आणि मला त्यांचा चेहरा दिसला. लोण्यासारखाच होता, पण उन्हात ठेवलेल्या. ओठ काही तरी म्हणायला उघडले होते आणि काही निघत नव्हतं. हे तोंड मी ओळखलं. दोन वर्षं हे तोंड माझं होतं.

"बसा," मी हळूच म्हटलं. "मीही बसलेय."

हे बसले. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून, एखाद्या शाळकरी पोरासारखे. मी रोहितकडे वळले.

"भैया, पिताजी नहीं हैं. मेरे मिस्टर हैं. मुझसे दो साल बड़े हैं, बस."

एवढंच वाक्य होतं. बोलायला खरंच काही वेळ लागला नाही. रोहितने जीभ चावली, दोन्ही कान पकडले, "सॉरी आंटीजी" म्हणत आत पळाला आणि दुसरं स्टूल घेऊन आला. ते निळं होतं. मीही बसले. त्याने आम्हाला गरम फाफडा आणि पपईचा संभारो आणून दिला, आणि आम्ही दोघं गर्दीत बसून खात राहिलो.

फाफडा संपत आला तसे हे म्हणाले, "अनू, हे वाक्य मला का गं सुचलं नाही?"

"सुचलं असेल," मी म्हटलं. "हसू आवरलं नसेल."

त्यांनी मान हलवली आणि मिरची माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी मी वन्संना फोन लावला, गणपतीची वाट न बघता. वाक्य बोलले म्हणून किस्सा सोडून द्यायचा, असं कुठे लिहिलंय?